दहा रुपयांपर्यंतचे गुप्तधन

जमिनीत दडलेली धातूची वस्तू जमीन न उकरता हेरणारे यंत्र म्हणजे धातुशोधक, ज्याला व्यवहारात मेटल डिटेक्टर म्हणतात. आपल्याकडे तो मॉलच्या दारात माणसांवर चालवला जातो आणि ब्रिटनसारख्या देशांत सुट्टीच्या दिवशी शेतांवर. दांड्याच्या टोकाला थाळीएवढे तारेचे वेटोळे असते, त्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडले जाते, धातू आडवा आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात, त्यांची चाहूल वेटोळ्याला लागते आणि यंत्र किंचाळते. ते नेमके कशाला किंचाळले हे मात्र खणल्यावाचून कळत नाही, आणि या छंदातील सर्व पाठदुखी व बहुतेक कौटुंबिक कलह या एका उणिवेतून उद्भवतात.

महाराष्ट्रात जुनी नाणी सापडण्याची परंपरा मोठी असली, तरी ती शोधणाऱ्याला सहसा सापडत नाहीत, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी मिळाली, ज्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे पुन्हा मारले होते, म्हणजे शत्रूच्या पैशावर आपले नाव घालून तो तसाच चालवला होता. या शोधात यंत्राचा काही संबंध नव्हता. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे २०२१ मध्ये उजेडात आलेली २१६ सोन्याची नाणीसुद्धा बांधकामाची माती उपसताना मजुरांच्या हाती लागली होती. इंग्लंडच्या सफोक परगण्यात १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, तो शोधायला धातुशोधक आणला गेला आणि हातोड्याआधी रोमनकालीन सुमारे १५,००० नाणी निघाली; तो हातोडाही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तरीही धातुशोधक घेऊन जुनी नाणी शोधायला निघालेल्या प्रस्तुत लेखकाने या संशोधनासाठी रायगड जिल्ह्यातील रसायनीची निवड केली, याचे शास्त्रीय कारण असे की तेथे त्याचा साडू राहतो. याला पुरवणी म्हणून एक ऐतिहासिक कारणही तयार करण्यात आले. बोरघाट उतरून किनाऱ्याकडे जाणारी वाट सातवाहनांच्या काळापासून वाहती आहे, वर कार्ल्याच्या लेण्यांत व्यापाऱ्यांच्या दानांचे लेख आहेत आणि खाली खोपोलीकडून येणारी पाताळगंगा रसायनीवरून धरमतरच्या खाडीकडे जाते. तेव्हा दोन हजार वर्षांत या खोऱ्यातून गेलेल्या असंख्य वाटसरूंपैकी एखाद्याच्या तरी बटव्याला भोक असणारच. साडूने या उपपत्तीला ‘भोकसिद्धांत’ असे नाव दिले आणि पुढे दोन दिवस ते मोहोपाड्याच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवले.

रसायनीच्या नावातच रसायन आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा येथील बहुतेक कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, आणि अग्निबाणाच्या इंधनाबरोबर लागणारा डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला. कर्नाळ्याचा सुळका व माणिकगड ही येथील प्रेक्षणीय स्थळे असून ती लांबून दिसली.

कायद्याचा विचार मात्र इतक्या झटपट उरकता येत नाही. ‘निखात’ म्हणजे पुरलेला. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा असून, जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास आणि तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. १८७८ मध्ये दहा रुपये ही रक्कम होती, आज त्यात वडापावही येत नाही. पण कायद्यातील आकडा जागचा हललेला नाही. निधीला वारस नसल्यास आणि दोघांमध्ये वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला पाऊण व जागेच्या मालकाला पाव, अशी वाटणीही त्यात आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर १९५८ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय खणताच येत नाही, आणि येथे लेखकाला विनोद सुचत नाही, कारण गडांच्या उतारांवर रात्री यंत्र फिरवून पहारी चालवणारे लोक आहेत. नाणे ज्या थरात, ज्या खापराशेजारी पडलेले असते तो त्याचा पत्ता असतो. पत्ता फाडून पाकीट विकणाऱ्याला छंदिष्ट म्हणू नये, चोर हा चांगला मराठी शब्द आहे.

शोधाची जागा म्हणून भातकापणीनंतरचे एक खाचर, म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत, मालकीण आजीबाईंच्या परवानगीने निश्चित झाले. काढलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, एवढीच त्यांची अट होती. धसकटांत फुरसे, म्हणजे विषारी साप, असते, असे सांगून साडूने लेखकाच्या पायांत स्वतःचे सेफ्टी शूज चढवले. त्याची तीस वर्षे कारखान्यात गेली असल्याने, बूट घातला की मनुष्य सुरक्षित होतो, अशी त्याची श्रद्धा आहे. यंत्र सुरू होताच किंचाळले. लेखकाने वीतभर खणले, मग हातभर. काहीही निघाले नाही. एक पाऊल पुढे जाताच ते पुन्हा किंचाळले. दोन तासांत अकरा खड्डे झाले आणि लेखकाने वहीत नकाशा काढून असा निष्कर्ष नोंदवला की निधी फार मोठा व फार खोल असून तो दोन समांतर रांगांत पुरलेला आहे, रांगांमधील अंतर सुमारे एक वीत आहे आणि त्या रांगा विलक्षण योगायोगाने लेखक जाईल त्या दिशेला वळतात.

एव्हाना बांधावर मंडळी जमली होती. गुप्तधन म्हटल्यावर कोंबडा लागेल की बोकड, यावर त्यांच्यात मतभेद होते. वास्तविक गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे लेखकाने खड्ड्यातून मान वर काढून सविस्तर समजावले, त्यामुळे संशय अधिकच बळावला. साडूने मोबाइल कानाला लावून, न आलेला फोन घेत, पलीकडच्या बांधावर जाणे पसंत केले.

“दादा,” आजीबाई शेवटी म्हणाल्या, “बूट काढून फिरवा बघू.”

सेफ्टी शूजच्या चवड्यात, वजनदार वस्तू पडून बोटे चेचू नयेत म्हणून, पोलादी टोपी बसवलेली असते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र जुळवले होते, आणि बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी त्यांची दिशाभूल केली असे सांगतात. बेल स्वतः त्या बिछान्यात नव्हते, एवढा तरी त्यांना आधार होता. लेखकाने बूट काढले. खाचर शांत झाले, बांध मात्र बराच वेळ हसत होता.

हसू ओसरल्यावर आजीबाई जवळ येऊन बसल्या आणि हे यंत्र चांदी ओळखते का, असे त्यांनी विचारले. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या दिवसांत, याच चिखलात त्यांचे डाव्या पायातले जोडवे गेले होते. “मालक म्हनाले, दुसरा जोड घेऊ. मी म्हनलं, घावंल की, जातंय कुटं.” उजव्या पायातले त्यांनी पुढे मालक असेपर्यंत वापरले असावे, कारण त्या पायाच्या बोटाला खोल खाच होती आणि डाव्या पायाची खाच जवळजवळ बुजली होती. लेखकाने त्यावर काही विचारले नाही. तो अनवाणी, फुरशांचा विचार न करता, सूर्य माणिकगडाकडे कलेपर्यंत खाचराचा कोपरा न् कोपरा फिरला.

एकूण प्राप्ती पुढीलप्रमाणे झाली: सोड्याच्या बाटल्यांची बुचे, गुटख्याच्या चकचकीत पुड्या, विळ्याचे मोडके टोक, दहा रुपयांचे चालू नाणे आणि एक भोकाचा पैसा. भोकाचा पैसा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक ठेवून १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला काशाच्या रंगाचा पैसा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. बटव्याचे भोक हाती लागले नाही, पण नाण्याचे लागले, यावर भोकसिद्धांताला समाधान मानावे लागले. कायदेशीर पेच मात्र उभा राहिला, कारण दहा रुपये अधिक एक चौसष्टांश रुपया ही रक्कम दहा रुपयांहून निर्विवादपणे अधिक होते. पैशाच्या तीन पै धरल्या तर लेखकाच्या वाट्याला सव्वादोन पै आणि आजीबाईंच्या वाट्याला पाऊण पै येत होती.

आजीबाईंनी तो पैसा पदराने पुसला, भोकातून मावळतीकडे पाहिले आणि, लहानपणी त्यांच्या भावाच्या करदोट्यात असाच ओवलेला होता, असे सांगून पणतवासाठी कनवटीला लावला. दहा रुपयांचे नाणे आपल्या खिशातून पडले असल्याचा दावा साडूने फोन संपवून परत येताच केला व तो मान्य झाला. अशा रीतीने निधीचे मूल्य एका पैशावर आले, अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिण्याचे कारण उरले नाही, आणि लेखकाने बॅटरीच्या उजेडात अकरा खड्डे बुजवले. जोडवे अजून त्या खाचरातच आहे.