सरांना येत नाही

"निसर्ग मंडळ तुम्ही काढा," असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं, "मीच का?" त्या म्हणाल्या, "बालकवी तुम्हीच शिकवता ना?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. विज्ञानाच्या बाईंच्या डोक्यावर दहावीचा निकाल होता आणि भूगोलाच्या सरांचे गुडघे जगजाहीर होते. उरला मराठीचा मास्तर. ज्याच्या पुस्तकात दर चार पानांआड पाऊस पडतो त्याला निसर्ग कळत असणारच, असा शिक्षकखोलीचा हिशेब.

कागदोपत्री आमच्याकडे निसर्गाला काही कमी नव्हतं. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच बजावलेलं आहे. राष्ट्रीय हरित सेनेचा फलक आमच्या जिन्यात आहे, त्यामागे पाल राहते. क. मा. मुन्शींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. मैदानाच्या कोपऱ्यातला आमचा खड्डा बहुधा त्याच वर्षीचा असावा. दर जुलैत त्यात नवं रोप लागतं, खड्डा मात्र जुनाच.

पहिल्या दिवशी चौतीस नावं आली. मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "सर, वर्गणी किती?" दुसरा, "आपलं ढोलपथक असणार का?" पोरांचा दोष नाही. पुण्यात मंडळ म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. विसर्जन वगळता आपण सगळंच वेगळं करणार आहोत, हे समजावण्यात एक तास गेला.

मग तळजाईच्या टेकडीवर रविवारी सकाळी साडेसहाला जायचं ठरलं. संमतिपत्रकं छापली. पालकांचे फोन सुरू झाले. एका आईने विचारलं, डास असतील तर ओडोमॉस शाळा देणार का. एका वडिलांना हे मार्कांत धरणार का ते हवं होतं. नाही म्हटल्यावर त्यांचा मुलगा आजारी पडला. चौतिसांतले अकरा आले. बाराव्या आल्या त्या एकीच्या आजी, आणि त्याच पुढे फार उपयोगी पडल्या. सोबतीला पी. टी.चे सर होते. मी मुलांना दबक्या आवाजात सांगत होतो की पक्षी बघायचे तर शांतता हवी, भडक कपडे नकोत. एवढ्यात सरांनी सवयीने शिट्टी फुंकली, "रांगेत चला!" समोरच्या झाडावर जे काही होतं ते उडालं. काय होतं ते कळलंच नाही. मंडळाच्या दप्तरात पहिली नोंद आहे ती अशी : "पक्षी : अनेक. जात : घाबरलेली."

शिट्टी खिशात गेल्यावर मात्र टेकडी हळूहळू बोलायला लागली. कुठून तरी टुक, टुक, टुक असा एका लयीत आवाज येत होता. मला वाटलं खाली कुणाचं तरी बांधकाम चाललंय. आजी म्हणाल्या, "तांबट आहे तो. हंड्याला ठोके घालतोय." मग त्यांनी एकेक नाव सांगायला सुरुवात केली आणि पोरांचे डोळे मोठे होत गेले. तांबट झाला, तसा शिंपी आहे, पानं शिवून घरटं करणारा. सुतार आहे, धोबी आहे. खाटीक आहे, तो तर शिकार चक्क काट्याला टांगून ठेवतो. कोतवाल आहे, आणि तो नावाला जागतो. घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला पिटाळून लावतो, म्हणून बाकीचे पक्षी त्याच्या शेजारी बिऱ्हाड करतात. आमच्या बोलीने आख्खं गावच झाडावर चढवून ठेवलंय. गावातले कारागीर कुठे कुठे पांगले, पण झाडावरच्यांनी धंदा सोडलेला नाही. सहावीतल्या एकीने विचारलं, "सर, इंजिनियर नावाचा नाही का?" मी म्हटलं, नसावा. तिने हे घरी सांगितलं असणार, कारण पुढच्या रविवारी ती आली नाही.

खरी पंचाईत झाडांनी केली. पक्षी निदान उडून जातो, आपली सुटका होते. झाड तिथेच उभं राहतं आणि पोरगंही त्याच्याखाली उभं राहून विचारतं, "सर, हे कुठलं?" मी पंचवीस वर्षांचा कसलेला मास्तर. लगेच म्हटलं, "हा तुमचा गृहपाठ. शोधून आणा." एक लहानखुरा पोरगा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्हालापण येत नाही ना? मग तुम्हालापण गृहपाठ."

त्या दिवसापासून दप्तराच्या मागच्या पानावर एक यादी सुरू झाली. मथळा मुलांनीच घातला, "सरांना येत नाही". पहिलं नाव त्या झाडाचं. आठ दिवसांनी मी धापा टाकत उत्तर आणलं : ते गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून इथे टेकड्यांवर भरमसाट लावलं गेलं. कागदावर गिरिपुष्प, बोलीत उंदीरमारी. मुलांना अर्थातच दुसरं नाव आवडलं. दिवाळीपर्यंत यादी साठाच्या घरात गेली. मुख्य दप्तरात जेमतेम चार पानं भरली होती. मंडळ खरं चाललं होतं ते मागच्या पानांवर. विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी नेमकं तेच उघडलं. बराच वेळ वाचत बसले. मग हळूच विचारलं, "यातलं एकोणिसावं काय असतं हो?"

एकोणिसावं होतं शाळेतलंच. कार्यालयाच्या खिडकीखाली एक लिंबाचं झाड आहे. त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली एका मुलीने पाहिली, आणि ती विष्ठा चालायला लागली. ती अळी होती. कुणी खाऊ नये म्हणून लहानपणी असंच सोंग घेते. मोठी झाल्यावर हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. शेवटचा प्रयोग पी. टी.च्या सरांनी केला, आम्ही कुणीही सांगितलेला नसताना.

पोरांनी ठरवून टाकलं की हे नीलवंतच. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात असं करणारं हे पहिलंच राज्य, आणि आता ते आमच्या कार्यालयाखाली जन्माला येणार! बाईंना लिंबाची पानं कुरतडलेली दिसल्यावर त्यांनी फवारणीवाल्याला बोलावलं होतं. अकरा पोरं झाडाभोवती उभी राहिली. बाई मला म्हणाल्या, "हे तुम्ही शिकवलंत?" मी खरं तेच सांगितलं, "नाही हो, मला येतच नाही."

अळीचा कोष झाला. मधल्या सुट्टीत पाळी लावून पहारा सुरू झाला. एक शुक्रवार गेला, शनिवार अर्ध्या दिवसाचा गेला. सोमवारी सकाळी येऊन बघतो तो कोष रिकामा. रविवारची सुट्टी गाठून पाहुणा निघून गेला होता. पोरं रडकुंडीला आली. सहावीतली ती, जी मधल्या काळात गुपचूप परत आली होती, तिने दप्तर उघडलं, पण काय लिहावं हे तिला सुचेना.

तेवढ्यात शिपाईमामा घंटेची दोरी सोडून आले. "ते ना? काल मी टाकी भरायला आलो होतो तेव्हा होतं. नवाच्या सुमारास. पंख वाळवत बसलं होतं चांगलं तासभर."

"निळं होतं का, मामा?"

"छे, काळं न् पिवळं. मागे एक तांबडा ठिपका. दरसाली येतंय की." मामांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "मला वाटलं, सरांना ठाऊक असेल."