अंगावर काय असावे? (केवळ गलाईवाल्यांसाठी)

खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात पावसाने कधी शब्द पाळला नाही. त्यामुळे सांगली-साताऱ्याची ही माणसे गलाईला, म्हणजे सोने-चांदी गाळायला, परमुलखात गेली. केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली. निघताना मूस, चिमटा न्यावा हे सगळ्यांना ठाऊक असते. अंगावर काय असावे याविषयी मात्र शास्त्रशुद्ध लेखन झालेले नाही. आमच्या कोइमतूरच्या मामांचे अनेक वर्षे बारकाईने निरीक्षण करून ती उणीव येथे भरून काढली आहे.

नियम पहिला : परमुलखात शेठ दिसू नये. चेहरामोहरा, मिशी आणि बोलण्याचा हेल यावरून आपण तिथले नव्हे हे चहा संपायच्या आत कळते. त्यात हा गडी सोन्याच्या धंद्यातला! उपरेपणा आणि सोने एकाच अंगावर दिसले की घरभाडे चढते, देवळाच्या वर्गणीचा आकडा फुगतो आणि चोराला पत्ता विचारावा लागत नाही. म्हणून कोइमतूरला मामा लुंगीवर असतात. केरळात असाल तर मुंडू नेसावे. ते गुडघ्यापर्यंत दुमडून वावरायला हरकत नाही, पण वडीलधारे माणूस समोर आले की दुमड सोडून मुंडू खाली करायचे. एवढे जमले तर मल्याळम मोडकी असली तरी घरमालक खपवून घेतो. नाहीतर दहा वर्षे घोटलेली मल्याळमही दुमडलेल्या मुंडूला वाचवू शकत नाही.

नियम दुसरा : गांधी टोपी पेटीत ठेवावी. तिथे लोकांना पुढारी आल्यासारखे वाटते आणि ते गाऱ्हाणी सांगू लागतात.

नियम तिसरा : हात लपवू नयेत, लपत नाहीत. सोन्यातली चांदी-तांबे काढायला शोऱ्याचे तेजाब लागते आणि ते बोटांना लागले की कातडी पिवळी पडते. साबण, लिंबू, वीट काही चालत नाही. ती कातडी झडेल तेव्हाच डाग जातो. तेजाबातून निघणारा तांबूस धूर त्याहून वाईट. तो बाहेर ओढणारा पंखा आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. मामा मास्क लावत नाहीत. गिऱ्हाइकाला तोंड दिसले नाही तर विश्वास बसत नाही म्हणतात. रात्रभर खोकतात आणि दोष कोइमतूरच्या हवेला देतात.

नियम चौथा : पोलीस आल्यास. सोने मुशीत गेले की ते कुणाच्या गळ्यातले होते हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. चोर पकडला की पोलीस गाळणाऱ्याच्या दारात येतात ते यामुळेच. पूर्वी कलम ४११ होते, आता भारतीय न्याय संहितेचे ३१७. शेजारचा स्थानिक सराफ अशा वेळी साक्षीदार ठरतो आणि आपण संशयित. लुंगी कितीही व्यवस्थित नेसली तरी याला इलाज नाही. रोजच्या रोज वही लिहा, माल आणणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ओळखपत्र घ्या, आणि त्या शेजारच्या सराफाच्या घरचे लग्न चुकवू नका.

मामींना यातला एकही नियम लागत नाही. गजरा माळून त्या भाजीवालीशी तमिळमध्ये भांडतात आणि कढीपत्ता फुकट आणतात.

नियम पाचवा, सर्वांत महत्त्वाचा : गावी येताना वरचे सगळे उलटे करावे. मिरज आले की लुंगी पिशवीत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, वरच्या दोन गुंड्या उघड्या, आत बोटाएवढी जाड साखळी. गाडी टीएन किंवा केएल पासिंगची असल्यास धुऊन घ्यावी. विट्याच्या दसऱ्याला, पालख्यांच्या शर्यतीच्या वेळी अशा गाड्या पाहिल्या की आपण मद्रासेत आलो की काय असे वाटते. साखळीवाल्याला पुढची खुर्ची मिळते, सत्काराचा नारळ मिळतो, तंट्यात शब्दाला वजन येते. त्याच्याच भट्टीवर राबणारे, तितक्याच पिवळ्या बोटांचे पोरगे मात्र मागे लिंबाखाली उभे असते. त्याला कुणी बस म्हणत नाही. मग स्थळ बघायला जाताना ते चुलत्याची साखळी मागून नेते. आमच्या भावकीतली एक साखळी अशी बऱ्याच मुली बघून आली आहे. तिकडे अंगावर सोने दिसले म्हणून माणूस लुटला जातो आणि इकडे दिसले नाही म्हणून मोजला जात नाही. करायचे काय माणसाने?

जत्रा कमिटीस नम्र विनंती : यंदा पावतीपुस्तक घेऊन याल तेव्हा मामांच्या गळ्याकडे पाहून आकडा लिहू नका. खरी साखळी दुकानाच्या डिपॉझिटसाठी पतसंस्थेत तारण आहे. गळ्यातली एक ग्रॅमवाली आहे. गावात घरटी एक माणूस कसोटीवर सोने घासून पोट भरतो, पण ती अजून कुणाला ओळखता आलेली नाही.