उत्तर आधी, पायऱ्या नंतर

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गारगोट्या, स्फटिक आणि लेण्यांच्या पुस्तिका विकणारे काका संध्याकाळी पर्यटक पांगले की गणित घ्यायला बसतात. फी नाही. कुणी बोलावलेलंही नसतं. असा माणूस गावोगाव एक असतोच. शाळा सुटून जमाना झाला, तरी दुसऱ्याच्या पोराची वही दिसली की त्याचा हात शिवशिवतो.

बीजगणित काका तोंडी करतात. 'बापाचं वय मुलाच्या तिप्पट, १२ वर्षांनी दुप्पट होईल,' एवढं वाचून होईतो 'मुलगा १२, बाप ३६' असं उत्तर येऊन पडतं. वर पडताळा: "चोविसाव्या वर्षी पोरगं झालं. रीतसर आहे." पुढच्या गणितात तिपटीचं चौपट झालं, मुलगा ६ आणि बाप २४ निघाला, तेव्हा मात्र गाडं अडलं. "अठराव्या वर्षी बाप? कायद्यानं एकविसाच्या आत मुलाचं लग्न होत नाही. पुस्तक चुकलं!" समीकरण बिनचूक होतं. काकांनी ते चारित्र्यावरून नापास केलं.

पोरांचं दुखणं वेगळंच. दहावीला बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचाही ४० चा, आणि नुसत्या उत्तरावर पुरते गुण मिळत नाहीत.

"काका, पायऱ्या?"

"पायऱ्या लेण्यांत जाऊन चढ."

फारच गळ घातली तर ते डोंगराकडे बोट दाखवतात. "अजिंठ्याची लेणी वरून खाली कोरली. आधी छत, जमीन शेवटी. कोरणाऱ्याला शेवट आधीच दिसत होता. तूही उत्तर आधी लिही." हे खोडायला इतिहासाचे सर लागतात, आणि ते गणिताच्या भानगडीत पडत नाहीत.

भूमितीत काकांचा धीर सुटतो. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे सिद्ध करा म्हटलं की वही लांब धरतात, जवळ आणतात आणि म्हणतात, "दिसतंय की!" पाठ्यपुस्तकात 'दिसतंय' ही कसोटी नाही, तिथे बाकोबा, कोबाको, बाबाबा आहेत. पैकी बाबाबावर काकांचा जीव आहे. तीन बाजू मोजल्या, जुळल्या, व्यवहार संपला.

एकदा अवनत कोनाच्या गणितात दीपगृह आणि जहाज आलं. आता फर्दापुरात समुद्र कुठून आणायचा? काकांनी दीपगृह खोडून लेण्यांसमोरचा व्ह्यू पॉइंट काढला, जहाजाच्या जागी शटल बस. उंची ९० मीटर, कोन ६० अंशांचा. अंतर ३०√३, म्हणजे ५२ मीटरच्या आसपास. 'पळालं तर बस मिळते,' हे शेवटचं वाक्य त्यांनी पोराकडून वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या शिष्यांचे गुण कापले जातात हे खरं, पण उत्तर चुकलं म्हणून नव्हे.

सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी वर्ग दुपारीच भरतो. बाहेरगावचं पोरही चालतं. कंपासपेटी मात्र घरून आणावी.