कोरड्यास कमी, भाकरी जास्ती

स्वस्तात पोट भरायचं तर भाजी स्वस्त हवी, असा एक समज पुण्या-मुंबईकडे आहे. तो चुकीचा आहे. भाजी तिखट हवी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे सूत्र पिढ्यान् पिढ्या पाळलं जातं, फक्त कुणी त्याचं परिपत्रक काढलं नव्हतं. ती उणीव इथे भरून काढत आहोत.

सूत्र असं. ताटात दोनच गोष्टी असतात, भाकरी आणि कोरड्यास. भाकरीने पोट भरतं, कोरड्यासाने भाकरी खाली उतरते. कोरड्यास मिळमिळीत असलं की जेवणारा वाटीवर वाटी ओढतो आणि घर बुडवतो. तेच कडक असलं की बोटाला लागेल एवढंच घेतो, डोळे पुसतो आणि भाकरीचा मोठा कुटका मोडतो. पाव वाटी खर्ड्यावर चार माणसं उठतात. उठताना 'झकास' म्हणतात, हे विशेष.

भांडवली गुंतवणूक उन्हाळ्यात करावी. वर्षाची चटणी एकदाच होते आणि तिच्यात काटकसर केल्यास पुढचे अकरा महिने खर्च वाढतो. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी. लवंगी घालायची असल्यास घरातल्या ज्येष्ठांची संमती घ्यावी. कांदा तळून, खोबरं-तीळ-धणे भाजून, लसूण सोलून सगळं कांडपाच्या गिरणीत न्यावं आणि शिंका देत तिथेच उभं राहावं. नजर चुकली की आपलं खोबरं शेजारणीच्या डब्यात जातं. तिचं आपल्या डब्यात आलं तर मात्र काही बोलू नये.

भाकरी शाळूची. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणावं, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि मग भाकरी थापताना काठाला भेगा पडून तिचा नकाशा होतो. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. हे तुम्हाला कुणीही सांगेल. थापायचं कसं ते सांगता येत नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या 'बघ' म्हणतात आणि इतक्या वेगाने थापतात की काही दिसत नाही.

आता खर्डा. हिरव्या मिरच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे आणि जाडं मीठ लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात परतावं आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडावं. मिक्सरला हात लावू नये. वीजही वाचते आणि चवही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शेजारी खोकू लागले म्हणजे खर्डा झाला. सातारकर याच मंडळींकडून, म्हणजे शेंगदाणा-मिरची-लसणाकडून, दाण्यांचा कूट वाढवून आणि पाण्यात रटरटवून म्हाद्या करून घेतात. घरात माळवं नाही ही बातमी त्यामुळे बाहेर फुटत नाही.

पण काटकसरीचं खरं विद्यापीठ माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. तिथला हुलगा, म्हणजे कोकणातला कुळीथ, थोडक्या पाण्यावर येतो आणि माणसालाही थोडक्यात उभं करतो. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळावं, तळव्यावर वळून बोटाएवढ्या शेंगोळ्या कराव्यात आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडाव्यात. भाजी, आमटी आणि भाकरी तिन्ही एकाच पातेल्यात होतात. रस आपोआप दाट होतो. गॅस एक, भांडं एक, घासायचं ते एकच. थंडीत हुलग्याचंच गूळ घातलेलं माडगं प्यावं. ते दिसायला फारसं बरं नाही, पण स्वस्तात देखणेपणाही हवा असेल तर कृष्णाकाठची वांगी आणावीत, तीही बाजार उठायच्या वेळी. 'मावशी, ढीग केवढ्याला?' असं विचारून दोन पावलं पुढे चालू लागावं. मागून 'ओ दादा, घ्या की ओ!' आल्याशिवाय वळू नये.

मधल्या वेळेसाठी सांगलीचं भडंग. तेलात ठेचलेला लसूण कुरकुरीत करावा, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद, चटणी, मीठ, चिमूटभर पिठीसाखर घालून गॅस बंद करावा आणि मगच चिरमुरे ओतावेत, नाहीतर मसाला करपतो. याचा मोठा गुण असा की परात शिगोशीग भरते आणि वजन काहीच नसतं. डब्यावर 'साबुदाणा' असं लिहून तो वरच्या फळीवर ठेवल्यास चार दिवस टिकतं. न लिहिल्यास संध्याकाळपर्यंत.

मापांबद्दल विचारणा होईल. कुंडलला जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांनी 1970च्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं देऊन महाराष्ट्रातल्या सुनांवर उपकार केले. तो सगळा हिशोब ठरलेल्या माणसांचा. आमच्याकडे चार जण जेवायला बसतात आणि सहा उठतात, त्यामुळे इथलं माप 'अंदाजानं' हेच आहे.

एक धोका मात्र टाळावा. 1995 साली सरकारने झुणका-भाकर एका रुपयाला द्यायला काढली, तेव्हा ते गरिबाचं जेवण होतं. आता हायवेवर 'चुलीवरचं' अशी पाटी लागली की तेच पिठलं बिलात पाहुण्यासारखं मिरवतं. गरिबीचं जेवण बाहेर खाण्याची ऐपत आपल्यात नाही, हे मनाशी पक्कं करावं. साताऱ्याहून निघताना कंदी पेढ्याच्या दुकानासमोरून जाणं भाग असल्यास फोनवर बोलत जावं.

अचानक पाहुणे आल्यास आमटीत दोन तांबे पाणी आणि एक चमचा चटणी वाढवावी. पाणी आमटी पुरवतं, चटणी पाहुण्याला आवरते. पाहुणा पुण्याचा असेल तर अर्धा चमचाही चालेल. कोल्हापूरचा असेल तर मात्र हे संपूर्ण सूत्र निकामी ठरतं. तो पहिल्याच घासाला 'जरा तिखट हाय का?' असं विचारून खर्ड्याची वाटी जवळ ओढतो. अशा वेळी मुकाट्याने पिशवी घेऊन मटण आणायला जावं आणि बजेट एक तारखेपासून धरावं.