हप्त्याहप्त्याने कादंबरी

डेटाबेसच्या एका रांगेत नाव, गाव, जन्मतारीख ही मंडळी सुखाने नांदत असतात, आणि मग कुणीतरी त्याच रांगेत अख्खी कादंबरी आणून बसवतं. पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी मोठा समंजसपणा दाखवतं. त्याचं पान 8 केबीचं. रांग साधारण 2 केबीच्या पुढे फुगली, की ते लांबलचक मजकूर दाबून बारीक करतं, तरी मावला नाही तर तुकडे करून वेगळ्या टेबलात ठेवतं आणि रांगेत नुसता पत्ता लिहितं. आपण मात्र ‘सिलेक्ट स्टार’ म्हणतो आणि गाव विचारायला गेलेल्याच्या ओंजळीत कादंबरी ओतून घेतो. म्हणून जाणती माणसं हवा तोच रकाना मागतात, आणि मोठा असेल तर थोडाथोडा वाचतात. डॉटनेटमधल्या ‘सिक्वेन्शियल अ‍ॅक्सेस’मध्ये तर रकाने क्रमानेच वाचायचे, पुढे गेलात की मागचा पुन्हा मिळत नाही. वयपरत्वे हा नियम मला फार ओळखीचा वाटू लागला आहे.

थोडंथोडं वाचणं आपल्याला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू केलं, त्यात कादंबऱ्या अशाच हप्त्याहप्त्याने आल्या. पुढे कितीतरी वर्षांनी माझी आजीसुद्धा तळाच्या ‘क्रमशः’वर बोट ठेवून संपादकांना दोन शब्द सुनवायची. पण तिच्या कुठल्याही हप्त्यात अक्षर मधोमध तुटलेलं नसे. संगणकाला तेवढी भीड नाही. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि वाचनाचा हप्ता बरेचदा 8192 बाइटांचा. भागून पाहा: 2730 चिन्हं, बाकी दोन बाइट. मधल्या मोकळ्या जागांनी हिशेब सरकतो, एवढंच. नायिका दार उघडते, आणि ‘दार’मधला द दोन तृतीयांश अलीकडे, एक तृतीयांश पलीकडे, पडद्यावर काळ्या शंकरपाळीतली प्रश्नचिन्हं. त्याहून हळवं प्रकरण पहिल्या वेलांटीचं. कागदावर ती अक्षराच्या पुढे उभी, साठवणीत मात्र त्याच्या मागून येते. हप्ता नेमका तिथे तुटला, की अक्षर मागे राहतं आणि ती बिचारी ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला टेकून त्याची वाट पाहते.

तेव्हा जावात काम करत असाल, तर बाइटांचा प्रत्येक तुकडा सुटासुटा अक्षरांत बदलू नका. मध्ये इनपुटस्ट्रीमरीडर बसवा, अर्धवट बाइट तो पुढच्या हप्त्यापर्यंत सांभाळतो. आणि पडद्यावर पाठवण्याआधी तुकडे जोडा, कारण वेलांटीची सोय तोही करत नाही.