मुदतवकील

यंत्रमागांची खडखड मंदावली की इचलकरंजीतली माणसं कपाळाला हात लावतात. आमचे वकीलसाहेब काळा कोट झटकतात. सूतव्यापारी आणि दोन-तीन पतसंस्था हे त्यांचे अशील. उभ्या हयातीत त्यांनी फक्त येणेकऱ्यांचीच वकिली केली. देणेकरी आला तर त्याला चहा मिळतो, वकील मिळत नाही.

गाव त्यांना ‘मुदतवकील’ म्हणतं. उधारीच्या दाव्याला मुदत ३ वर्षांची. ती उलटली की येणं कितीही खरं असलं तरी कोर्टात मेलेलं. पण १९६३च्या मुदत कायद्यातलं कलम १८ म्हणजे साहेबांची संजीवनी! मुदतीच्या आत देणेकऱ्यानं लेखी कबुली देऊन सही केली, की ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून साहेब पैसे मागतच नाहीत, सही मागतात. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, जोतिबाच्या पायऱ्यांवरसुद्धा. एकदा एक कारखानदार तावातावानं म्हणाला, “देणं हाय, पण दमडी देणार न्हाई. जावा, काय करायचं ते करा!” साहेब गहिवरले. खिशातला कागद पुढे करत म्हणाले, “अगदी हेच, याच शब्दांत लिहा.” नकारासकट दिलेली कबुलीही कायद्याला चालते, हे त्या बिचाऱ्याला समन्स आल्यावर कळलं.

देणेकरी वारला तर सांत्वनाला साहेब सगळ्यांच्या आधी. “फार वाईट झालं. मुलं किती? मुली कुठं दिल्यात?” घरच्यांना वाटतं, केवढी आपुलकी! साहेबांना वारस रेकॉर्डवर घ्यायचे असतात.

हुकूमनामा मिळाला की खरी तपश्चर्या सुरू. दरखास्त दाखल करायला कायदा १२ वर्षं देतो. साहेबांना तीही अपुरी वाटतात. कारण बेलिफ जप्तीला जातो, तेव्हा समोर दिसतात स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्र. या कशालाच कायदा हात लावू देत नाही. माग बायकोच्या नावावर, घर आईच्या, गाडी मेहुण्याच्या. देणेकऱ्याच्या स्वतःच्या नावावर असतं ते फक्त कर्ज.

परवा त्यांच्या घरी बसलो होतो. वहिनींनी पैठणीचा विषय काढला. साहेब हसले, “अगं, त्या वचनाला ३ वर्षं होऊन गेली. मुदतबाह्य!”

वहिनी काही बोलल्या नाहीत. कपाटातून एक डबा आणला. आत लग्नाच्या वाढदिवसांची शुभेच्छापत्रं. प्रत्येकावर ‘पैठणी यंदा राहिली, पुढच्या वर्षी नक्की’, आणि खाली साहेबांची तारखेसह पूर्ण सही. साहेबांनी चष्मा लावून एकेक तारीख तपासली. एकही वर्ष सुटलेलं नव्हतं.

बराच वेळ गप्प राहून ते हळूच म्हणाले, “हप्ते पाडून मिळतील का?”

“मिळतील की,” वहिनींनी कोरा कागद पुढे सरकवला. “तेवढं लिहून सही करा, अहो.”