उशी बदलू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

कुट्टूच्या टरफलांची उशी घेण्याचा निर्णय रात्री अकरानंतर करू नये. त्या वेळी मोबाइलवर दिसणाऱ्या सगळ्याच वस्तूंनी मान बरी होते. सकाळी चहा झाल्यावर घरातल्या मोठ्यांसमोर विषय काढावा आणि पहिल्या प्रश्नाची तयारी ठेवावी : “सावरीच्या उशीला काय धाड भरलीय?”

उत्तर असं द्यावं. सावरी असो की कापूस, वर्षा-दोन वर्षांत गोळे होतात आणि पिंजारी आता दारावर येत नाही. फोम दाबला की दबतो, सोडला की उसळतो. त्याला स्वतःचं मत नाही. कुट्टूचं टरफल तिकोनी, काळपट, कडक. दाणा दळायला गेला की ते मागे उरतं. हजारो टरफलं एकमेकांत अडकून बसतात आणि डोक्याने पाडलेला खळगा तसाच धरून ठेवतात. मधून हवा खेळते, म्हणून उशी तापत नाही. (नागपुरात मे महिन्यात हवाच तापलेली असते. तिथे उशीकडून फार अपेक्षा ठेवू नये.)

सासूबाईंनी उपवासाची शंका काढली तर सांगावं की कुट्टू गव्हा-तांदळाच्या कुळातला नाही, चुक्याच्या भाजीच्या कुळातला आहे, आणि उत्तरेत नवरात्रात त्याच्या पिठाच्या पुऱ्या खातात. तेव्हा एकादशीला त्यावर डोकं टेकायला हरकत नसावी.

घराणं विचारलं तर जपानकडे बोट दाखवावं. तिथे कुट्टूच्या पिठाच्या सोबा नावाच्या शेवया करतात आणि टरफलं उशीत भरतात. एदो काळात भव्य केशरचना मिरवणाऱ्या बायका लाकडी पेटीवर मान टेकून झोपत. पेटीवर या टरफलांचा छोटा लोड बांधलेला असे. केस शाबूत राहत. मानेचं काय होई, ते जाहिरातीत येत नाही. उत्तरेकडे डोकं करून झोपणं जपानीही टाळतात, हे आजोबांना आवर्जून सांगावं; पाठिंबा तिथूनच मिळेल. शिवाय तिथल्या लोककथांत रात्री माणसाची उशी उलटवणारं एक भूत आहे, माकुरागाएशी. मोठी उशी चार-पाच किलोची भरते. भुताने विचार करावा.

उशी आली की चेन उघडून टरफलं सुपात पाखडावीत. बारीक धूळ निघते. सूप चालवणारं कोणी घरात उरलं नसेल तर चाळणी घ्यावी. मग ऊन दाखवावं. धुवायची ती फक्त खोळ, टरफलांना पाणी लावू नये. परत भरताना हात आखडता ठेवावा : कुशीवर झोपल्यावर मान ना वर जावी, ना खाली लवावी. हे दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगावं. ते हसतील. हसू द्यावं. उरलेली टरफलं डब्यात भरून डब्यावर नाव लिहावं, नाहीतर मसाल्याच्या दिवसांत कोणीतरी ती भाजायला घेईल.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नये. कुट्टूची ॲलर्जी असते आणि अशा उशीमुळे दमा उसळल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. कुट्टू ज्यांना सोसत नाही, त्यांनी सावरीशी एकनिष्ठ राहावं.

आता आवाज. कूस बदलली की चिवड्याच्या डब्यात कोणी हात घातल्यासारखं वाजतं. शेजारचं माणूस पहिल्या रात्री उठून बसेल. त्याला “सवय होते” असं म्हणावं, आणि सवय होईपर्यंत कूस बदलू नये.

विक्रेते मानेबद्दल बोलतात, घोरण्याबद्दलही बोलतात. घोरण्याच्या बाबतीत माझा विश्वास नाही. खरा फायदा ते सांगतच नाहीत. आपल्या घरांत उशी कोणा एकाची नसते. दुपारी ती टीव्हीसमोर एकाच्या पाठीशी असते, संध्याकाळी दुसऱ्याच्या लॅपटॉपखाली, आणि पाहुणे आले की थेट बाहेरच्या खोलीत. ही उशी कोणी नेत नाही. उचलवत नाही, आणि नेलीच तर सगळ्या घराला ऐकू जातं. पाहुणे एकदा डोकं टेकतात आणि म्हणतात, “राहू दे, मला उशी लागतच नाही.” एकत्र कुटुंबात एवढी निर्वेध मालकी दागिन्यांवरही मिळत नाही. फक्त मुलांच्या उशायुद्धापासून ती दूर ठेवावी, टाके पडतील.

कोकणातल्यांनी पावसाळ्यात बुरशीवर आणि सोंड्यांवर नजर ठेवावी, ऊन पडेल त्या दिवशी बाकीची कामं सोडावीत. काही वर्षांनी टरफलांचा चुरा होतो. तो कुंड्यांत घालावा, नवी मागवावीत आणि पार्सल घेऊन जिना चढून आलेल्या कुरिअरवाल्याला पाणी विचारावं.